‘मन्मथ’ हे नाव ठेवावे काय?



या महिन्यात महात्मा बसवण्णांच्या इंद्रियनिग्रहावरील वचनाचे निरूपण करावे असा आमचा संकल्प होता. लेखणी हाती घेतली आणि त्याच दिवशी खकनारहून एका सद्भक्ताचे पत्र आले. ते वाचून हातातील कागद बाजूला ठेवला. पत्रात प्रश्न आहे एका तान्ह्या बाळाच्या नावाचा. पण असा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत कधी ना कधी उठतो, आणि त्याचे उत्तर देताना आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. म्हणून ते उत्तर पाकिटात घालून पाठविण्यापेक्षा मासिकातून सर्वांपुढेच द्यावे, असे मनाने घेतले.

खकनार हे गाव आपल्यापैकी अनेकांना नकाशात शोधावे लागेल. ते मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, तहसिलीचे ठिकाण आहे. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी हा मुलूख खंडवा जिल्ह्यात मोडत असे. एका अंगाला मेळघाट, दुसऱ्या अंगाला खानदेश. बाजाराच्या दिवशी एकाच दुकानापुढे मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी अशा चार बोली कानी पडतात. पत्र लिहिणारे गृहस्थ तेथे किराणा दुकान चालवितात. घरी मराठी, गल्ल्यावर हिंदी. अशा सीमेवरच्या माणसाला नावासारखी गोष्टसुद्धा दोन भाषांतून तोलून घ्यावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. त्यांना पहिला नातू झाला. सून लातूरकडची. तिच्या आजीने कपिलधारला नवस बोलला होता, की पणतू झाला तर त्याचे नाव मन्मथ ठेवू. घरात सर्वांना ते मान्य होते. बारशाच्या चार दिवस आधी शेजारचे एक निवृत्त हिंदी शिक्षक पेढे घ्यायला आले आणि नाव ऐकून हसले. ते म्हणाले, “अहो शेठजी, मन्मथ म्हणजे कामदेव. तुमच्या महादेवाने ज्याला तिसरा डोळा उघडून भस्म केले, तोच हा. गळ्यात लिंग बांधता आणि लिंगाच्या शत्रूचे नाव घरात आणता?” जाता जाता, होळीच्या दिवसांत शाळेतली पोरे या नावाने चिडवतील, असेही बोलून गेले. आजोबांच्या मनात काटा रुतला. त्यांनी बारसे पुढे ढकलले. सुनेने वाद घातला नाही. मात्र दुसरे कोणतेही नाव तिने ओठावर येऊ दिले नाही. ‘आता महिना होत आला, पोराला सगळे नुसते बाळ म्हणतात, आणि घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. स्वामीजी सांगतील ते करू,’ असा पत्राचा शेवट आहे.

स्वामीजी सांगतील ते करू! भक्तांचा हा विश्वास आम्हांस एकदा फार महाग पडला आहे. ते आधी सांगतो.

काशीहून शिकून आम्ही नुकते परतलो होतो. जिभेवर अमरकोश आणि अंगात विद्येची ऊब, असे ते वय. बीडकडचे एक शेतकरी कुटुंब लिंगधारणेसाठी बाळ घेऊन आले. बाळाची पणजी पुढे होऊन म्हणाली, “नाव मन्मथ.” आम्ही तत्काळ कोश उघडला. मदन, मार, कंदर्प, अनंग, पंचशर ही नावे ज्या पंक्तीत बसतात त्याच पंक्तीत अमरसिंहाने मन्मथाला बसविले आहे, हे त्या माउलीला समजावून दिले, आणि लिंगायताच्या मुलाला असे नाव शोभत नाही, असा निवाडा दिला. ती म्हणाली, “म्हाराज, तुमच्या पोथीतला कोन हाय त्यो मला ठावं न्हाई. माजा कपिलधारचा हाय.” आम्ही हसलो. मुलाचे नाव आमच्या सांगण्यावरून बदलले गेले, शिवाचेच एक सोज्वळ नाव कागदोपत्री लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो मुलगा मिशा फुटलेला तरुण होऊन मठात आला. पाया पडून म्हणाला, “शाळेत माझं नाव एक, घरात एक. पणजी असेपर्यंत ती मला मन्मथच म्हणायची. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. त्या माउलीची क्षमा मागावयाची राहून गेली.

असो. आता शब्दाकडे वळू. शिक्षकांनी जो अर्थ सांगितला तो खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मन्मथ म्हणजे कामदेव, हे कोणताही कोश सांगेल. पण कामदेवाच्या इतक्या नावांत हे नाव निराळे आहे. अनंग म्हणजे देह नसलेला, पंचशर म्हणजे पाच बाणांचा, मीनकेतन म्हणजे ध्वजावर मासा असलेला. ही सारी त्याच्या रूपाची नावे झाली. मन्मथ हे त्याच्या क्रियेचे नाव आहे. कोशाचे टीकाकार त्याची फोड करतात ती अशी: ‘मत्’ म्हणजे चेतना, जाणीव, तिचे मंथन करणारा तो मन्मथ. आपल्या घरातील मायबहिणींना मंथन काय ते समजावयास व्याकरण नको. रवी दह्यात उतरली की दही मोडते, फुटते, आधी नुसता गोंधळ दिसतो. हात थांबला तर दही नासल्यासारखे होते. हात चालू राहिला तर लोणी वर येते. रवी तीच. प्रश्न इतकाच, की दोर कोणाच्या हाती आहे.

येथे कोणी म्हणेल, की हे शब्दांचे खेळ झाले, महादेवाने त्याला जाळले हे तर खरे ना? खरे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात ते वर्णिले आहे. इंद्राने धाडलेला मदन वसंताला बरोबर घेऊन तपोवनात शिरतो, समाधिस्थ शिवावर बाण रोखतो आणि क्षणात राख होतो. त्या दिवशी पणजीबाईपुढे आम्ही हाच प्रसंग रंगवून सांगितला होता. पण काव्य तिसऱ्या सर्गाशी संपत नाही. जे रूप आणि जो बाण यांनी साधले नाही ते पार्वतीने पाचव्या सर्गात तपाने साधले. आणि सातव्या सर्गात, विवाह झाल्यावर, देव हात जोडून शिवाला विनवितात की त्या मदनाला पुन्हा सेवेत घ्यावे. शिवाचा राग तेव्हा निवळलेला असतो. तो अनुज्ञा देतो, आणि तीही स्वतःवर त्याचे बाण चालू देण्याची! जो बाण रोखून आला तो जळाला. तोच सेवक म्हणून आला तेव्हा महादेवाने त्याला ठेवून घेतले. हे सारे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. नेमके त्या दिवशी आम्ही तिसऱ्या सर्गातील राखेपाशी थांबलो.

आता बसवण्णांच्या ज्या वचनाचे निरूपण राहिले म्हणालो, त्याचा आशय पाहा. इंद्रियांना नुसते दडपून टाकले तर दोष जात नाहीत, उलट पुन्हा पुन्हा समोर येऊन उभे राहतात, असे ते सांगतात. आणि याला दाखला म्हणून ते कोणा संन्याशाचे नाव घेत नाहीत, तर संसारी जोडप्याचे घेतात. सिरियाळ आणि चांगळे! मराठी वाचकांनो, ही माणसे तुम्हांस परकी नाहीत. आपल्याकडे श्रावणात ज्यांची कहाणी डोळे पुसत ऐकली जाते ते श्रियाळ राजा आणि चांगुणा ते हेच. त्यांनी संसार टाकला नव्हता, एकमेकांवरचे प्रेम टाकले नव्हते. आणि त्यांच्या दारी महादेव जेवावयास आला. कल्याणच्या अनुभवमंटपातील बहुतेक शरण असेच घरधनी होते. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा, मोळिगे मारय्या आणि महादेवी, ही नावे जोडीनेच घ्यावी लागतात. बसवण्णा स्वतः गंगांबिका आणि नीलांबिका यांचे पती होते.

अल्लमप्रभूंचे चरित्र तर याहून बोलके आहे. ज्या शून्यसिंहासनाधीश्वराच्या वैराग्यापुढे भले भले योगी गप्प होत, तो अल्लम कवी हरिहराने कसा दाखविला आहे? मद्दळे वाजविणारा एक तरुण, कमळलतेच्या प्रेमात बुडालेला. ती तापाने मरण पावते. हा वेड्यासारखा रानोमाळ फिरतो. असाच एका ठिकाणी बसून नखाने माती उकरीत असता त्याला जमिनीतून वर आलेले कळसाचे टोक दिसते. खणतो तो खाली मंदिर, आत अनिमिषयोगी बसलेले, त्यांच्या हाती लिंग. त्या लिंगाने अल्लमाचा प्रभू झाला. आम्ही अनेकदा विचार करतो, की कमळलतेवर त्याचे प्रेम नसते, तर ती माती उकरण्याइतके त्याचे काळीज ढवळले असते काय? ज्या अल्लमप्रभूंनी पुढे सांगितले की स्त्री माया नव्हे, भूमी माया नव्हे, सोने माया नव्हे, मनापुढची आशा हीच माया, ते हे पुस्तकातून वाचून बोलत नव्हते. मंथन अंगावरून गेलेले होते.

आणि अक्कमहादेवी? तिने राजाचा संसार नाकारला, पण ‘मला प्रीती नको’ असे ती कोठे म्हणते? चेन्नमल्लिकार्जुनाला ती पती म्हणून शोधत निघाली, पक्ष्यांना, झाडांना त्याचा ठाव विचारीत. शरण हा सती आणि लिंग हा पती, या आपल्या सिद्धांताला ज्यांनी कोरड्या तत्त्वज्ञानाचे रूप दिले आहे, त्यांनी अक्कांच्या वचनांपाशी बसावे. भक्तस्थलापासून ऐक्यस्थलापर्यंतची जी सहा स्थले आपण सांगतो, त्या वाटेवर चालवणारी ओढ कोणती? ती ओढच काढून टाकली तर चालणार कोण?

आता कपिलधार. बीडजवळ, मांजरसुंब्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात हे स्थान आहे. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. सोळाव्या शतकातील संत मन्मथस्वामींची समाधी तेथे आहे आणि कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. वचनांची वाणी कानडी. ती भाषा न कळणाऱ्या मराठी मुलखातील आपल्या लोकांना शिवभक्तीचा मार्ग त्यांच्याच बोलीत ज्यांनी सांगितला, त्यांत मन्मथस्वामींचे स्थान फार मोठे आहे. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ आजही मराठवाड्यात शिवनाम सप्ताहात पारायणाला लावतात. ज्यांना कोशातील एक शब्द ठाऊक नाही अशा बाया त्यातील ओव्या जात्यावरच्या गाण्यासारख्या म्हणतात.

त्या तरुणाच्या भेटीनंतरच्या कार्तिकात आम्ही कपिलधारला पायी गेलो. पूर्वीही गेलो होतो, पण वाहनाने, आणि मानाच्या जागी बसण्यासाठी. या वेळी दिंडीच्या मागे राहिलो. पुढून मागून एकच गजर चालला होता, मन्मथमाउली, मन्मथमाउली. पाय सुजलेली म्हातारी माणसे, खांद्यावर पोरे घेतलेले बाप. एका बापाने गर्दीत पोराला हाक मारली, “मन्मथा, इकडं ये,” तर चार पोरांनी माना वळविल्या. तेव्हा आम्हांस हसू आले आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. त्या गर्दीत मन्मथ या शब्दाचा अर्थ कामदेव असा घेणारे एकटे आम्हीच होतो.

आणखी एक गोष्ट त्या वाटेवर ध्यानात आली, जी इतकी वर्षे ऐकूनही ऐकली नव्हती. भक्तमंडळी स्वामींचे नाव पुष्कळदा ‘मन्मथ शिवलिंग’ असे जोडून घेतात. जळणारा आणि जाळणारा एका नावात शेजारी शेजारी! शिवाला स्मरहर म्हणतात, मदनांतक म्हणतात, कामारी म्हणतात. त्या नावांत दोघांचे वैर आहे. या जोडनावात वैर नाही. मनाची जी घुसळण आहे ती लिंगापाशी आणून ठेवली आहे. इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे स्थिर करावयास बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की पहिल्या घटकेला लिंग कमी आणि मनाचे खेळच अधिक दिसतात. बसवण्णांनी मनाला माकडाची उपमा दिली ती उगीच नव्हे. तरीही आपण ते मन बाहेर ठेवून पूजेला बसत नाही. बसता येतही नाही.

कर्नाटकात होळीला काम आणि रती यांची चित्रे मांडतात आणि कामदहन करतात. पण धारवाड जिल्ह्यात नवलगुंद येथे त्याच कामण्णाला ‘रामलिंग कामण्णा’ म्हणून लोक नवस बोलतात. लोकांची समजूत पंडितांच्या पुढे धावते, ती अशी.

शेजारच्या शिक्षकांविषयी आमच्या मनात राग नाही. ते चुकीचे बोलले नाहीत, अर्धे बोलले. आणि अर्धे बोलण्यात आम्ही त्यांचे वडीलबंधू आहोत. त्यांना आजोबांनी एकदा चहाला बोलवावे आणि हिंदीतच विचारावे, की १९२५ च्या काकोरी प्रकरणात ज्यांना कोवळ्या वयात चौदा वर्षांची शिक्षा झाली, त्या क्रांतिकारकांचे नाव काय? मन्मथनाथ गुप्त. ते पुढे हिंदीतले मोठे लेखक झाले आणि २००० साली वारले. हिंदीच्या शिक्षकांना हे नाव निश्चित माहीत असणार. त्या नावाला कोणी हसल्याचे आम्ही ऐकले नाही. साठ संवत्सरांत एकोणतिसावे संवत्सरही मन्मथच आहे, शके १९३७ मध्ये ते येऊन गेले. त्या गुढीपाडव्याला साऱ्या महाराष्ट्राने पंचांगातून ते नाव वाचले.

आणि एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या अमरकोशाच्या आधाराने आम्ही त्या पणजीबाईला अडविले, त्याच कोशात वनौषधींच्या भागात मन्मथ हे आणखी एका वस्तूचे नाव म्हणून येते. ती वस्तू म्हणजे कवठ! महाशिवरात्रीला आपल्या घरोघरी महादेवाला जे फळ वाहतात, ज्याची गूळ घालून चटणी होते, ते. बाहेरून दगडासारखे, आपटल्यावाचून फुटत नाही, आणि आत आंबट, गोड, तुरट सर्व एकत्र. महादेवाला मन्मथ चालत नाही असे म्हणणाऱ्याने शिवरात्रीचे ताट पाहावे.

एवढे सांगून खकनारच्या आजोबांना आमचे म्हणणे असे. नाव मन्मथच ठेवावे. शाळेत पोरे हसतील ही भीती बाळगू नये. पोरे कोणत्याही नावाला हसतात, आमच्याही नावाला हसत. मात्र घरात लाडाने मन्या, मन्नू असे करून ते नाव झिजवू नये. जन्माच्या दाखल्यावर ते नीट लिहून घ्यावे. आमच्याकडे आलेल्या कागदांवर कोठे ‘मनमत’, कोठे ‘मन्मत’ असे पाहिले आहे, आणि हिंदीत ‘मनमत’ वाचणारा त्याचा अर्थ भलताच लावील. न अर्धा, शेवटी थ, हे कारकुनासमोर उभे राहून पाहावे. मूल बोलू लागले, की ते नाव कोणाचे हे त्याला सुनेने सांगावे, कोशाने नव्हे. आणि चौदा-पंधरा वर्षांचा होऊन त्याचे मन जेव्हा खरोखरच घुसळू लागेल, तेव्हा बापाने त्याला रागे भरण्याऐवजी शेजारी बसवून अल्लमप्रभूंची कमळलतेची गोष्ट सांगावी. ती गोष्ट त्या वयासाठीच आहे.

नक्षत्रावरून अक्षर काढून दुसरे नाव ठेवावे काय, असेही पत्राच्या समासात बारीक अक्षरांत विचारले आहे. शरणांनी तिथी-वार-नक्षत्रांचे अवडंबर मानले नाही, तेव्हा त्याची गरज नाही. बारसे लांबले म्हणून काही बिघडले असेही मानू नये.

सुनेला आमचा स्वतंत्र निरोप आहे. बाई, तुम्ही महिनाभर वाद घातला नाहीत आणि नावही सोडले नाहीत, हे आम्हांस फार आवडले. तुमच्या आजी हयात असतील तर त्यांना दूरध्वनी करून आजच कळवावे. उद्यावर टाकू नये.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही बऱ्हाणपूरमार्गे खकनारला येत आहोत. बाळाची लिंगधारणा आणि नामकरण एकाच वेळी करू. मानपान, मंडप काही नको. शेजारच्या गुरुजींना मात्र अगत्याने बोलवावे, आणि बाजारात पिकले कवठ मिळाले तर एक आणून ठेवावे.